पूर्ण दर आधी सांगा, नाहीतर ग्राहक आयोगात उत्तर द्या

नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या खोल्या विकणाऱ्या गोवा, अलिबाग, लोणावळा, महाबळेश्वरच्या हॉटेलमालकांना आणि बुकिंग ॲपवाल्यांना हा जाहीर इशारा आहे.

तुमची रीत आता सगळ्यांना पाठ झाली आहे. आधी मोठ्या अक्षरांत एका रात्रीचा दर दाखवायचा. गिऱ्हाईक नाव-नंबर भरून पैसे भरायच्या पानावर पोचले, की त्यात कर चढवायचा, मग कन्व्हिनियन्स फी, मग न मागितलेला विमा आणि कसलीशी देणगी. या दोन्हींपुढची खूण तुम्हीच आधी मारून ठेवता. शेजारी लाल अक्षरांत ‘एकच खोली शिल्लक’. घरचे सुट्टीची वाट पाहत असतात, खोली हातची जाईल ही धास्ती असते, म्हणून माणूस पैसे भरून टाकतो.

वर्षअखेरीला तर कळस होतो. खोलीचे पैसे कधीच भरलेले असतात. कुटुंब सामान घेऊन काउंटरपाशी येते, तेव्हा सांगितले जाते की ‘गाला डिनर’ सक्तीचे आहे. माणशी वेगळे, मुलांचेही वेगळे. जेवायचे नसेल तरी पैसे द्या, तोवर किल्ली मिळणार नाही. सगळे गाव पर्यटकांनी भरलेले असताना लहान मुले आणि म्हातारे आईवडील घेऊन त्या माणसाने जायचे कुठे? ही उघड अडवणूक आहे. ॲपला फोन लावला तर ‘हॉटेलशी बोला’, हॉटेलला विचारले तर ‘ॲपवाल्यांना विचारा’.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत १३ प्रकार मोजून दिले आहेत. खरी किंमत लपवून शेवटी उघड करणे, न विचारता बिलात वस्तू घुसवणे, खोटी घाई लावणे हे सगळे त्यात आहे. पैसे भरून झालेली सेवा, आणखी काही विकत घेतल्याशिवाय न देणे हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. तुमचे न सांगितलेले सक्तीचे जेवण नेमके तिथेच बसते. आधीच मारलेली खूण म्हणजे ग्राहकाची संमती नव्हे, हे तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच सांगून झाले आहे.

दर हॉटेलने वाढवला तर त्यापुरती ॲपची जबाबदारी नाही, ही सवलत डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, हे मान्य. पण ती खूण, ती लाल अक्षरे आणि ते शेवटचे पान हॉटेल तयार करत नाही, तुम्ही ॲपवाले करता. आणि कराचे निमित्त सांगू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. हा हिशेब तुमच्या यंत्राला पहिल्याच पानावर करता येतो.

१ डिसेंबरपर्यंत मुदत आहे. सक्तीचा प्रत्येक रुपया पहिल्याच आकड्यात दिसला पाहिजे. विमा आणि देणगीपुढच्या खुणा काढा. गाला डिनर सक्तीचे असेल, तर त्याची माणशी रक्कम खोलीच्या दराशेजारी, पैसे घेण्याआधी लिहा.

नाहीतर प्रत्येक लपवलेल्या रकमेची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर जाईल, आणि तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. म्हणजे कळंगुटच्या हॉटेलला लातूरच्या आयोगापुढे उभे राहावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही.

प्रवाशांनो, दर दाखवणाऱ्या पहिल्या पानाचा आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. काउंटरवर जास्तीचे पैसे द्यावेच लागले तर छापील बिल मागा, ‘हरकत नोंदवून पैसे दिले’ असे त्यावर लिहा आणि त्याचा फोटो काढा. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. गेल्या ३१ डिसेंबरची बिलेही त्यात बसतात.