इकोचं बटण आम्ही दाबतो, तुम्ही रस्ते नीट करा!

इको मोड लावा, पेट्रोल वाचवा, देशाचं परकीय चलन वाचवा. हा सल्ला हल्ली शोरूमपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे फुकट मिळतो. सल्ला चुकीचा नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. पण बचतीची सगळी जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर ढकलून बाकीचे नामानिराळे राहतात, माझा आक्षेप त्याला आहे.

आधी बटणाचं समजून घेऊ. इको मोडने इंजिन बदलत नाही. ॲक्सिलरेटर तेवढाच दाबला तरी गाडी सावकाश उचल घेते. ऑटोमॅटिक असेल तर वरचा गिअर लवकर पडतो. काही गाड्यांत एसीही जरा आवरता घेतला जातो. थोडक्यात, उतावळ्या पायाला लगाम. ज्याचा पाय मुळातच हलका, त्याला फरक थोडाच पडणार.

आता आपल्या गावात या. एसटी स्टँड ते तहसील, अंतर जेमतेम ३ किलोमीटर. मी स्वतः मोजले, ११ गतिरोधक! एक टनाची गाडी ४० च्या वेगावरून जवळपास थांबवायची आणि पुन्हा ४० वर न्यायची, तर ढोबळ हिशोबाने ७ मिली पेट्रोल जातं. म्हणजे एका गतिरोधकाला साधारण बारा आणे. जाऊन-येऊन पंधरा-सोळा रुपये नुसते ब्रेकवर जळाले. इको मोड लावा नाहीतर देवाचा धावा करा, ब्रेक मारावाच लागतो.

लगेच कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, मग पोरं चिरडू द्यायची का? अजिबात नाही. शाळेसमोर, दवाखान्यासमोर गतिरोधक हवाच. पण तो कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने कधीच ठरवून दिलंय: गोलाकार, ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच. २५ च्या वेगाने गाडी त्यावरून आरामात जाते, थांबावं लागत नाही. आपल्याकडे काय आहे? उरलेल्या डांबराचे ढिगारे. ना पांढरे पट्टे, ना फलक. रात्री दुचाकीवाला आपटतो तो वेगळाच.

आणि साहेब लोकांच्या गाड्या? मीटिंग संपेपर्यंत कचेरीच्या दारात इंजिन चालू, एसी चालू. मोठी गाडी अशी उभी राहून तासाला लिटरभर डिझेल सहज पिते. ते बिल तुमच्या-माझ्या करातून जातं. तिथे कोणता मोड लावायचा?

म्हणून नगरपरिषदेला तीन सरळ प्रश्न. या ११ पैकी किती गतिरोधकांना रीतसर मंजुरी आहे? मापाबाहेरचे कधी काढणार? आणि उभ्या सरकारी गाडीचं इंजिन बंद ठेवायचा आदेश काढायला कुणाची परवानगी लागते?

तुमच्या रस्त्यावरचे गतिरोधकही मोजा आणि आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. यादी घेऊन मी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देणार आहे. उत्तर आलं तर इथेच टाकेन. नाही आलं, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

तोवर इको मोड जरूर लावा. पण तेवढ्यावर गप्प बसू नका.