चालण्याआधीचं बरंच काही

रॉब समर्स हा अमेरिकेतला बेसबॉलपटू. २००६ साली एका मोटारीने त्याला उडवलं आणि छातीखालचं शरीर लुळं पडलं. २००९मध्ये लुइव्हिल विद्यापीठात सुझन हारकेमा यांच्या गटाने त्याच्या मज्जारज्जूच्या आवरणावर सोळा इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. यंत्र खरं तर वेदना दाबण्यासाठी बनवलेलं! वीज सुरू असताना तो तोलापुरता आधार घेऊन स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

ही वीज पाय ओढत नाही. दुखापत वर झाली असली, तरी कमरेतलं चेतापेशींचं जाळं बहुधा शाबूत असतं, फक्त निपचित. वीज त्याला जागं ठेवते. मग जखमेतून कसाबसा झिरपणारा मेंदूचा निरोपही त्याला कळतो. जोडीला महिनोन् महिने व्यायाम लागतो, तो बातम्यांमधल्या चित्रफितींत दिसत नाही.

बातम्यांना चालणारा माणूस आवडतो. रुग्णांना मात्र हाताची पकड, लघवीवरचा ताबा, बसतं केल्यावर न कोसळणारा रक्तदाब हवा असतो. म्हणून डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत हातांसाठीच्या, शस्त्रक्रियेविना त्वचेवरून वीज देणाऱ्या यंत्राला मिळालेली परवानगी मला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे अशाच विजेने रुग्णांना चालतं करण्याच्या प्रयोगांहून मोठी वाटते. या अंकातला मुख्य लेख त्याच यंत्रावर आहे.