आठ वाव दोरा

भादवा सरत आला की आमच्या कोरेगाव तालुक्यात बाईमाणसाला बूड टेकायला सवड म्हणून नसते. घेवड्याच्या शेंगा पिवळ्या पडलेल्या असतात. वरून एक सर आली की दाण्याला मोड यायचे, म्हणून उपटायची घाई. तेवढ्यात पित्रं येतात. आणि घट बसायच्या आत दसरा काढायचा, म्हणजे घरातल्या झाडून साऱ्या वाकळा, चादरी, पटकुरं ओढ्यावर नेऊन आपटायची. पाठोपाठ शाळूची पेर आहेच.

२०२२ सालच्या अशाच पंधरवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायला जीभ रेटत नाही, पण गेल्या महिन्यात दोघी बायांनी मला बाजारात गाठून एकच गोष्ट विचारली. मालक अंथरुणाला खिळलेत, आता शिवण सोडू की रान सोडू? तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

आमच्या ह्यांना त्याच वर्षी होळीच्या आदल्या दिवशी वारं गेलं. सकाळी तोंड वाकडं झालं, उजवा हात खाली पडला, बोलणं बोबडं. कुणी म्हणालं पारव्याचं रक्त चोळा, कुणी म्हणालं अमक्या गावाला न्या, तिथं झाडपाला देतात. ह्यातच दुपार झाली. मेंदूतली गाठ विरघळायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं, हे मला नंतर कळलं. तुम्हांला आधी कळावं. अशी लक्षणं दिसली की गाडी काढायची आणि डोक्याचा फोटो निघतो अशा मोठ्या दवाखान्याची वाट धरायची. बाकीचं सगळं मागाहून.

तर हे घरी आले ते उजवं अंग लुळं आणि बोलायला दोनच शब्द घेऊन, "व्हय" आणि "न्हाय". जमीन आमची दोन एकर. एक एकर दिरांना निम्म्यानं दिलं, एक माझ्याकडे ठेवलं. दावणीला एक गाय. आणि हाताला शिवण. वाकळा, दुपटी, बाळंतविड्याच्या कुंच्या. पुण्याकडच्या एक बाई वाकळा घेऊन जायच्या, एका वाकळेला नऊशे रुपये मजुरी. औषधाचा खर्च त्या नऊशेवरच चालला होता, म्हणून शिवण सोडायचा प्रश्नच नव्हता.

आणि एक हौसही होती. आत्याबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याची, वर रंगीत ठिगळांची एक जाड वाकळ मी शिवली होती. सात थर. गावातल्या बायका हात लावून बघायच्या. तीच मी ह्यांच्या अंगाखाली घातली. आपल्या माणसाला आपलं चांगलं ते द्यावं, एवढंच मनात.

त्या पंधरवड्यात मी पहाटे ह्यांचं आवरून रानात जायची ती उन्हं डोक्यावर आल्यावर परत. पुन्हा घास भरवून ओढ्यावर. हे आपले उताणे निजलेले. "बरं हाय का?" म्हटलं की "व्हय". मला वाटायचं, गुणाचं माणूस, काही कुरकुर नाही. नवव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. चोळून तेल लावलं. चार दिवसांत तिथली कातडी गेली. जखम झाली, पाणी सुटलं, वास यायला लागला.

उपकेंद्रातल्या सिस्टरबाई आल्या. त्यांनी जखम बघितली, मग अंथरूण चाचपलं. एका ठिगळाची शिवण, चांगली दोरीसारखी उठलेली, बरोबर माकडहाडाखाली आली होती. मी म्हटलं, "बाई, माझ्या वाकळेनंच केलं म्हणायचं हे." त्या म्हणाल्या, "वाकळेनं थोडं केलं, ताई. बाकीचं तुम्ही चार-चार तास न आल्यानं झालं." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. त्या रात्री मी चुलीपुढं बसून रडले आणि सकाळी घेवडा झोडायला माणूस लावला. मजुरी गेली ती गेली.

सिस्टरबाईंनी सांगितलेलं सगळं मी वहीत उतरून घेतलं. माणूस एकाच कुशीवर पडला की हाड आणि अंथरूण ह्यांच्यामधलं मांस दबतं, तिथं रक्त पोचत नाही, आणि ते आतून मरायला लागतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून बघायचा. बोट काढल्यावर तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर धोका समजायचा. त्यावर चोळायचं नाही. मी नेमकं तेच केलं होतं. कुशीवर निजवताना पार कडेवर, खुब्याच्या हाडावर ठेवायचं नाही, पाठीमागं उशी देऊन थोडं कलतं ठेवायचं. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. जखम भरायला अंगात मांस धरावं लागतं, तेव्हा अंडं, डाळ, दूध चुकवायचं नाही.

आणि चुंबळ! जखमेवर दाब नको म्हणून मी लुगड्याची चुंबळ करून कमरेखाली ठेवली होती, आपण घागरीला ठेवतो तशी. शेजारच्या वैनींनी सांगितलं होतं, मलाही शहाणपणाचं वाटलं. सिस्टरबाईंनी ती उचलून बाजूला टाकली. चुंबळीचा काठ भोवतीनं दाबतो आणि मधल्या जागेचं रक्तच अडवतो म्हणे. कितीतरी घरांत अजून ठेवत असतील. काढून टाका.

जखम भरायला दीड महिना लागला.

त्या दीड महिन्यात मी वाकळ नव्यानं शिकले म्हणा ना. सात थरांची जाड वाकळ थंडीला चांगली, पण आजाऱ्याच्या अंगाखाली नको. धुवायला जड, वाळायला दोन दिवस. तीन थरांची केली. सगळं जुनं, मऊ झालेलं सुती. आतला थर ह्यांच्याच धोतराचा. हल्लीच्या गुळगुळीत साड्या घेऊ नका, त्या घाम पीत नाहीत आणि सुईखाली सरकतात. वर ठिगळ नाही, अखंड कापड. गाठी सगळ्या आतल्या थरात दडवलेल्या. धावदोरा कडेनं सुरू करून आत आत नेला, टाका बारीक आणि ढिला, म्हणजे कापड चुरमडत नाही. दिसायला अगदी साधी. बायका आता हात लावून बघत नाहीत.

दुसरी केली अर्धी वाकळ. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल एवढी, रुंदीला मात्र भरपूर, आणि दोन्ही कडांना दुहेरी शिवण, मुठीत धरता यावी अशी. हे माझ्यापेक्षा अंगानं दीडपट. एकटीनं कूस बदलायची म्हणजे कंबर मोडायची. आता ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला उभी राहते, ह्यांचा पलीकडचा हात छातीवर घेते, पलीकडचा गुडघा वर उभा करते, आणि अर्ध्या वाकळेची पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढते. माणूस अलगद वळतो. कातडी घासत नाही, जोरही लागत नाही. सिस्टरबाईंनी दुसऱ्या एका घरासाठी तसलीच करून घेतली, आणि पैसे दिले बरं का.

राहिला दोन तासांचा हिशेब. मोबाईलचा गजर लावून बघितला. गायीच्या हंबरण्यात तो ऐकूच यायचा नाही. मग एकदा शिवता शिवता ध्यानात आलं, वावभर दोरा संपायला मला पाव तास लागतो. म्हणजे आठ वाव दोरा झाला की दोन तास. सकाळीच आठ-आठ दोरे कापून खाटेच्या खुंटीला अडकवायला लागले. खुंटी रिकामी झाली की उठायचं. बसायची जागाही सोप्यातून खाटेजवळ आणली. रानातलं काम पाळीपाळीनं, जाऊबाई घरी असल्या तरच. शाळू त्या वर्षी आठ दिवस उशिरा पेरला. दाणा थोडा कमी आला, कडबा बरा निघाला.

एक दिवस खुंटीला सातच दोरे दिसले. आठवा ह्यांच्या डाव्या मुठीत! मागितला तर म्हणाले, "न्हाय." मला कळेना. मग त्यांनी मूठ आपल्या बरगडीवर आपटली. आधी कूस, मग दोरा. त्या दिवसापासून दोरे ह्यांच्याच हवाली. डाव्या हातानं एकेक द्यायचे, शेवटचा अडवून धरायचे. मी कधी घाईत असले तर दोराच देत नसत. पहिल्यापासून हिशेबाचं माणूस ते.

पैशाचं थोडं सांगते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे आणि त्यात पक्षाघाताचा आजारी बसतो. तहसील कचेरीत चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला लागतो, हेलपाटे पडतात. माझे पाच पडले. त्यातल्या एका हेलपाट्याला तर कचेरीच बंद, पण ते जाऊ दे.

आता हे खुर्चीत बसतात. बसलेल्या माणसाला दोन तास थांबून चालत नाही, पाव-पाव तासानं बूड हलवावं लागतं. म्हणून एक दोरा संपला की डावा हात खुर्चीच्या दांडीवर रेटून स्वतःच एका अंगाला कलतात, मग दुसऱ्या. तेवढ्यात मी सुईत नवा दोरा ओवते. ठिगळांची ती जाड वाकळ धुऊन पेटीत ठेवली होती. परवा थोरल्या लेकीनं थंडीला मागितली, दिली. घेवडा ह्या खेपेला अजून रानात उभा आहे आणि आभाळ काही बरं दिसत नाही, तेव्हा इथंच थांबते.