चिघळला की चिघळवला?

पेपरात कायम वाचतो, "आंदोलन चिघळले", "वाद चिघळला". फार सोयीचा शब्द आहे हा... जखम चिघळते तसं सगळं आपोआप! माशी कुठली बसली, नख कुणी लावलं, काही सांगायला नको. 'चिघळवला' लिहिलं की कर्ता शोधावा लागतो ना, म्हणून ते कुणी लिहीत नाही.

डिवचणं आणि चिथावणं यांचीही अशीच सरमिसळ. डिवचणारा निदान समोर उभा असतो, फटका खायच्या तयारीने. चिथावणारा दुसऱ्याला पुढे करतो आणि स्वतः घरी चहा पीत बसतो. (घरातल्या भांडणातही बघा, खोड्या काढणारे वेगळे, कान भरणारे वेगळे!)

असो. मला खरा राग आहे तो 'आत्महत्येस प्रवृत्त केले' याचा. पूर्वी दंड संहितेचं कलम ३०६, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १०८. कलम बदललं, शब्द तोच. अहो, प्रवृत्त व्यायामाला करतात! सुनेला छळून विहिरीपर्यंत नेणाऱ्यांसाठी इतका सभ्य शब्द? कायद्याचं कायदा बघेल, पण बातमीत तरी सरळ लिहा, 'छळून मरायला लावल्याचा आरोप'.