सिद्दी पन्हाळ्याला आला कुठून?

गेल्या महिन्यात दादरच्या एका सभेत एका ज्येष्ठ वक्त्यांनी ठणकावून सांगितलं : गुलामगिरी हा अमेरिकेचा आणि तिकडच्या बेटांचा इतिहास. परळ-लालबागच्या पोरांनी गट करून त्याचा अभ्यास करणं म्हणजे वेळेची नासाडी. शिवाय त्यातून कटुता वाढेल. टाळ्याही पडल्या. माझा राग अजून गेलेला नाही.

चौथीतलं पोर सिद्दी जौहरला ओळखतं. १६६० साली त्याने पन्हाळ्याला वेढा घातला, हे घडाघडा सांगतं. पण आफ्रिकी वंशाचा माणूस पन्हाळ्याच्या पायथ्याशी पोचला कसा, हा प्रश्न आपण त्याला पडूच दिला नाही. हबशी किंवा सिद्दी म्हटली जाणारी आफ्रिकी माणसं अरबी समुद्र ओलांडून विकायला आणली जात. त्यांतली काही फौजेत चढत गेली. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, पुन्हा पुन्हा विकला गेला आणि निजामशाहीचा वजीर झाला. जंजिऱ्याचं सिद्द्यांचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं; त्या मुलखाला आपले लोक हबसाण म्हणत. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, तेव्हा शिवडी, माझगाव, माहीम त्याच्या हाती गेलं. शिवडी परळच्या शेजारी, आणि परळ स्वतःच सात बेटांतलं एक! गिरगाव चौपाटीवरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. विल्सन यांच्या शाळेत आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंग्स्टन याने १८६४ मध्ये दोन आफ्रिकी मुलं ठेवली. गुलामांच्या तांड्यातून सुटलेला चुमा त्यांतला एक. हा इतिहास परका कसा?

गिरणगावाचा इतिहास शाळेत शिकवा, असं आम्ही वीस वर्षांपूर्वी म्हणालो, तेव्हाही उत्तर आलं होतं : परीक्षेत येत नाही. आज तो इतिहास सांगणारे आजोबाच उरले नाहीत.

गटात मुलं गप्पा मारतात? मारू देत, वर्गात उतरवून घेताना ती झोपतात. कटुतेचं म्हणाल, तर पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री होत होती. ते झाकून कुणाचं मन साफ झालं?

पाच मुलांना कामं वाटून द्या. एकाने बेटांचा नकाशा काढावा, एकाने गॅझेटियर वाचावं, एकाने जंजिऱ्याची वंशावळ लावावी, उरलेल्या दोघांनी चुमाचा माग काढावा. एकाची तारीख दुसऱ्याच्या नकाशात बसत नाही, तेव्हा मुलं पुन्हा पुस्तक उघडतात. एवढं मला पुरे आहे.

शिक्षकांनो, पन्हाळ्याचा धडा घ्याल तेव्हा फळ्यावर एकच प्रश्न लिहा : सिद्दी इथे आला कुठून? उत्तर मुलांना मिळून शोधू द्या.