यंदाचं उटणं

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत माझ्या स्तनाच्या कर्करोगावर रेडिएशन चालू होतं. तीन आठवड्यांत 15 सिटिंग. शेवटी कातडी लाल होऊन चुरचुरू लागली. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, "उटणं पाठवलंय. कोरफड लाव, झेंडूचा पाला वाटून लाव."

मी आधी नर्सला विचारलं. कोमट पाणी, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. आणि फुटलेल्या कातडीवर विचारल्याशिवाय काही नाही. उटणं तिथे बंदच. कोरफडीचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. फ्रान्समध्ये 254 स्त्रियांवर झालेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅलेंड्युलाचं मलम दुसऱ्या एका मलमापेक्षा सरस ठरलं. पण कॅलेंड्युला म्हणजे आपला झेंडू नव्हे! इंग्रजीत दोन्ही मॅरिगोल्ड, एवढंच.

हे ऐकून सासूबाई गप्प झाल्या. मला वाईट वाटलं.

सिटिंग संपल्यावरही आठ-दहा दिवस त्रास वाढतच होता. तेवढ्यात पार्सल आलं. त्यांच्या जुन्या, मऊ सुती साडीची सैल झबली! फोनवर म्हणाल्या, "हे तरी चालेल ना गं?"

चाललं. नर्सला विचारूनच.

उटणं जपून ठेवलंय. यंदा लावणार आहे.