‘गॅस झालाय’ म्हणता म्हणता

‘हीरामंडी’तली मल्लिकाजान आठवते? ती साकारणाऱ्या मनीषा कोईरालाला २०१२मध्ये ओव्हरीचा कॅन्सर झाला होता, हे मला माहीत होतं. पण माझी मावशी चार महिने ‘पोट फुगलंय’ म्हणत चूर्ण घेत होती, तेव्हा मला ते एकदाही आठवलं नाही. फॅमिली डॉक्टरांनीही गॅसच्याच गोळ्या दिल्या. सोनोग्राफी झाली तोवर आजार तिसऱ्या स्टेजला पोचला होता.

त्यानंतर मी चिडून एक लेख लिहायला घेतला. मुद्दा सोपा होता. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. भारतीय स्त्रियांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर तिसऱ्या क्रमांकावर आहे, ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२मध्ये सुमारे ४७ हजार नवे रुग्ण. मग यादीत तो का नाही?

वाचत गेले तसा माझा राग थोडा उतरला. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या दोन लाखांहून जास्त स्त्रियांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. काहींची नियमित रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी, काहींची काहीच नाही. २०२१मध्ये निकाल आला: तपासण्या करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे त्रास नसलेल्या बाईत हा आजार वेळेत पकडेल अशी खात्रीची चाचणीच आज नाही. पॅप स्मीअरमध्ये तो दिसत नाही. सीए-१२५ हा रक्तातला घटक पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, अगदी पोटाच्या टीबीतही वाढतो आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या वेळा नॉर्मल येतो. पॅकेजवाल्या लॅबच्या जाहिरातीत हे कुणी सांगणार नाही.

म्हणून उरतात ती लक्षणं, आणि तीही किती साधी! पोट फुगणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला घाई. हे सगळं आपल्याला मेसच्या जेवणानेही होतं, मान्य. फरक आहे तो सातत्याचा. त्रास नवा असेल आणि महिन्यातून बाराहून जास्त दिवस होत असेल, तर चूर्ण बाजूला ठेवून तपासणी करायची. पन्नाशीच्या आसपासच्या आईला तर नक्कीच न्यायचं.

आता तुमच्या वयाचं. सोनोग्राफीत ‘सिस्ट’ लिहून आलं की हॉस्टेलवर रडारड होते. पण या वयातल्या बहुतेक सिस्ट पाळीच्या चक्रातून बनतात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात. पीसीओएस म्हणजे ट्यूमर नाही. डर्मॉइड नावाच्या गाठीत केस आणि दातही सापडतात (हो, खरंच), तरी ती सहसा कॅन्सरची नसते. विशीत क्वचित होणाऱ्या जर्म सेल ट्यूमरवर बहुतेकदा चांगला इलाज होतो आणि अनेकदा दुसरी ओव्हरी वाचवता येते. मात्र एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ‘लग्नाआधी गायनॅककडे? कुणी बघितलं तर?’ तर ऐका, पहिली सोनोग्राफी पोटावरूनच करता येते. बाटलीभर पाणी पिऊन लघवी धरून बसायचं, एवढाच छळ. गाठ संशयास्पद वाटली तर सीटी किंवा एमआरआय, ट्यूमर मार्कर. ओव्हरीपुरतीच असलेल्या गाठीला शक्यतो सुई टोचत नाहीत, कारण ती फुटून पेशी पसरू शकतात. अख्खी काढतात, आणि पक्कं निदान पॅथॉलॉजिस्ट करतो.

मावशीला आता बीआरसीए ही जनुकीय चाचणी सांगितली आहे. फॉर्मवर घरातल्या बायकांचे आजार लिहायचे होते. आजीला विचारलं, तुझी आई कशाने गेली? ती म्हणाली, ‘पोटात पाणी झालं होतं.’ त्याहून जास्त तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.